न्यायाधीश येतोय म्हणून झाडं का हर्षतात?

प्रश्न : आमच्या शाळेतल्या एका ख्रिस्ती बाईंच्या घरी, इथे अकोल्यातच, सांत्वनाच्या प्रार्थनेला गेले होते. पाळकसाहेबांनी बायबलातलं एक स्तोत्र वाचलं. देव पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे म्हणून शेतं आणि रानातली झाडं आनंद करतात, असं काहीसं त्यात होतं. मला ते उमगलं नाही. न्याय व्हायचा म्हणजे चित्रगुप्ताची वही उघडायची, त्याची तर धास्ती वाटायला हवी. आणि झाडांनी असं काय केलंय की त्यांनी निवाड्याची वाट पाहावी? दुसरं म्हणजे, देवाला सारखं राजा काऊन म्हणायचं? राजे तर केव्हाच गेले. (एक शिक्षिका, अकोला)

उत्तर : ताई, तुम्ही ऐकलंत ते स्तोत्रसंहितेतलं ९६ वं स्तोत्र. ९८ वंही जवळपास तसंच संपतं, फक्त तिथे नद्या टाळ्या वाजवतात. दीडशे स्तोत्रांचा हा संग्रह मूळ हिब्रू भाषेतला. ज्यू आणि ख्रिस्ती दोघंही तो उपासनेत वाचतात, गातात, आणि मरणाच्या घरी तर हमखास उघडतात.

धास्तीचं आधी बोलू. जिल्हा न्यायालयाच्या आवारात तारखेच्या दिवशी जमलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांत एखादा आरोपी असतो, त्याला निकालाची भीती असते. पण त्याच व्हरांड्यात कुणी विधवा बाई बसलेली असते. दिरानं सातबाऱ्यावरून तिचं नाव उडवलेलं असतं, किंवा शेजाऱ्यानं धुरा कोरत कोरत तिचे चार तास गिळलेले असतात. तिला निकालाची भीती नसते. निकाल लागणारच नाही, ही तिची भीती. आज साहेब रजेवर, उद्या वकील गैरहजर, परवा पुढची तारीख. ‘उद्या नक्की न्याय होणार’ असं तिला कुणी खात्रीनं सांगितलं तर आनंदानं तिला रात्रभर झोप येणार नाही. स्तोत्रं बहुतेक वेळा या बाईच्या तोंडून बोलतात. सी. एस. लुइस या इंग्रजी लेखकानं स्तोत्रांवरच्या १९५८ च्या पुस्तकात हा भेद नीट मांडला आहे. ख्रिस्ती माणूस देवाच्या न्यायासमोर स्वतःला फौजदारी खटल्यातला आरोपी समजतो, स्तोत्रकर्ता मात्र दिवाणी दाव्यातला वादी असतो आणि आपला दावा एकदाचा ऐकला जावा म्हणून हाका मारतो.

लुइस यांच्या म्हणण्याला मी एक जोड देईन. त्याच संग्रहात आरोपीचाही आवाज आहे. ५१ व्या, १३० व्या आणि १४३ व्या स्तोत्रांत माणूस आपल्या अपराधानं वाकलेला आहे, देवानं हिशेब मांडला तर आपण उभे राहू शकणार नाही हे तो जाणतो. म्हणजे तुमची चित्रगुप्ताची धास्ती तिथेही आहेच. पण एकच माणूस एका दाव्यात पीडित आणि दुसऱ्यात अपराधी असू शकतो, हे या कवींना पुरतं ठाऊक होतं. येशूनं सांगितलेल्या एका दाखल्यात, लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात, अशीच एक विधवा आहे. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही, आणि ती त्याच्या दारी खेटे घालायचं सोडत नाही. येशूला प्रार्थना कशी असावी हे सांगायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं कुणी ध्यानस्थ साधू निवडला नाही, कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी ही बाई निवडली.

आता झाडं. याचं फार सुंदर उत्तर बायबलातच, यशया संदेष्ट्याच्या १४ व्या अध्यायात आहे. बाबेलचा राजा मरतो, आणि लबानोनच्या डोंगरावरचे देवदार हर्षतात. का? तर तो आडवा झाल्यापासून त्यांच्यावर कुऱ्हाड घेऊन कुणी चढून आलेलं नाही. हा केवळ कल्पनाविलास नव्हे. अश्शूर आणि बाबेलच्या राजांनी आपण लबानोनचे देवदार तोडून नेले याची बढाई स्वतःच्या शिलालेखांत मारलेली आहे. त्यांचे राजवाडे आणि देवळं त्या लाकडावर उभी होती. वेढा घातलेल्या शहराभोवतीची झाडं तोडणं हे तर त्या काळच्या लढाईचं नेहमीचं हत्यार, म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये अशी स्पष्ट मनाई आहे. राजा अन्यायी असला की पहिली झळ माणसांना लागते आणि लगेच त्यामागून जमिनीला, पाण्याला, झाडांना. ८२ व्या स्तोत्रात न्यायासनं भ्रष्ट झाली की पृथ्वीचे पाये डळमळतात. तेव्हा झाडांचाही एक दावा प्रलंबित आहे, ताई, आणि त्यांच्या बाजूनं निकाल लागायचा आहे. मेळघाटच्या सागवानाकडे पाहत मोठं झालेल्या माणसाला हे सांगायला नको.

राजाच्या प्रश्नाला मात्र जरा वेळ द्यावा लागेल.

राजानं विधवा आणि पोरक्यांचा कैवार घ्यावा, ही अपेक्षा इस्राएलची एकट्याची नव्हती. बाबेलच्या हम्मुराबीनं ख्रिस्तपूर्व १८ व्या शतकात आपले कायदे दगडावर कोरवले, तेव्हा बलिष्ठांनी दुबळ्यांना छळू नये म्हणून आपण हे करतो असं त्यानं त्यात लिहवून घेतलं. त्या शिळेच्या माथ्यावर तो न्यायाच्या सूर्यदेवापुढे उभा आहे. तिथे राजा स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतो. ७२ व्या स्तोत्रात तीच अपेक्षा आहे, पण ती प्रार्थना म्हणून आलेली आहे : देवा, तुझा न्याय राजाला दे, म्हणजे तो गरिबाची बाजू घेईल, गांजणाऱ्याला चिरडील, ज्याचं कुणी नाही त्याचं रक्त मोलाचं मानील. न्याय राजाच्या मालकीचा नाही, तो त्याला मागून घ्यावा लागतो. असा राजा कापलेल्या गवतावर पडणाऱ्या पावसासारखा असेल, असं कवी म्हणतो. आपल्या कोरडवाहू मुलखात त्या ओळीचा भाव कळायला टीकाग्रंथ लागत नाही.

आपल्या वऱ्हाडानं राजा पाहिला तो कसा? १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०२ च्या करारानं ते कायमचं इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि बदल्यात निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळू लागले. इथल्या कपाशीच्या रानावर राजा म्हणून हक्क त्याचा, कारभार दुसऱ्याचा, आणि १९३६ मध्ये तर त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली. इथला शेतकरी सावकाराच्या दारात उभा होता तेव्हा यातलं कुणी त्याच्या वतीनं बोलायला आलं नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात तर नाहीच नाही. सावकारानं बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद असलेला महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा आला तो २०१४ साली. ७२ व्या स्तोत्राची कसोटी या साऱ्या राजवटींना लावून पाहा. खंडणी घेणं एवढीच राजेपणाची खूण असेल, तर त्या स्तोत्राच्या दृष्टीनं तो राजाच नाही.

इस्राएलचे स्वतःचे राजे या कसोटीला उतरले का? फारसे नाहीत. आणि बायबलानं ते लपवलेलं नाही. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ म्हणाला, वडिलोपार्जित आहे, देणार नाही. राणीनं खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार करून मारलं, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला. तिथे एलीया संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला. देव राजा आहे असं म्हणण्याचा अर्थ त्या मळ्यात कळतो. सिंहासनावर बसलेल्या माणसावरही एक न्यायासन आहे, तिथे त्याचं नाव आरोपी म्हणून पुकारलं जातं आणि नाबोथाचं फिर्यादी म्हणून. देवाला राजा म्हटल्यानं माणसांतल्या राजांना बळ मिळतं, असा एक समज आहे. युरोपच्या राजांनी तसा उपयोग पुष्कळ करूनही घेतला. पण तो या कवितेवरचा अत्याचार आहे असं मी ठामपणे मानतो.

पुढे ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं. राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले आणि बेड्या घालून नेलं. दाविद राजाच्या घराण्याची गादी संपली. स्तोत्रसंहितेचे पाच भाग आहेत, आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी, ८९ व्या स्तोत्रात, या जखमेचा आक्रोश आहे : दाविदाला दिलेलं वचन कुठे गेलं? त्या स्तोत्राला उत्तर नाही, ते प्रश्नावरच थांबतं. आणि मग चौथ्या भागात, ९३ पासून ९९ पर्यंत, पुन्हा पुन्हा एकच घोष येतो की परमेश्वर राज्य करतो. ज्यांनी हा संग्रह अशा क्रमानं लावला त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामं सिंहासन होतं. तुम्ही ऐकलेलं ९६ वं स्तोत्र याच ओळीत बसतं. राजे गेले म्हणून देवाला राजा का म्हणायचं असं तुम्ही विचारता. त्या लोकांनी ते सर्वांत मोठ्यानं म्हटलं ते त्यांचे राजे गेल्यावरच.

इथवर ज्यू वाचक आणि मी बरोबर चालतो. यापुढची वाट ख्रिस्ती आहे. आम्ही त्या रिकाम्या सिंहासनाच्या जागी येशूला पाहतो, आणि तो तिथे ज्या रीतीनं येतो तीच आमच्या श्रद्धेची गाभ्याची गोष्ट आहे. रोमन सुभेदार पिलात त्याची चौकशी करतो, याच्यात दोष नाही असं तीनदा सांगतो, आणि तरी जमावापुढे नमून त्याला क्रूसावर देतो. डोक्यावर काट्यांचा मुकुट, आणि वर तीन भाषांत लिहिलेली पाटी, ‘यहूद्यांचा राजा’. म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे जो जगाचा न्याय करायला येणार आहे, त्यानं स्वतः खोटा खटला भोगलेला आहे. निर्दोष ठरवूनही शिक्षा देणारं कोर्ट त्यानं आतून पाहिलं आहे. क्रूसावर त्यानं २२ व्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली, टाकून दिलेल्या माणसाचा तो टाहो. तेच स्तोत्र पुढे राज्य परमेश्वराचं आहे इथपर्यंत जातं. त्या व्हरांड्यातल्या बाईला असा न्यायाधीश भेटणार असेल, तर तिला त्याची धास्ती का वाटावी?

कॅथलिक मंडळी नोव्हेंबरच्या अखेरीस ख्रिस्तराजाचा सण पाळतात. पोप अकरावे पायस यांनी तो १९२५ साली सुरू केला. पहिल्या महायुद्धात युरोपची मोठमोठी सिंहासनं कोसळली होती आणि इटलीत मुसोलिनी आपली हुकूमशाही पक्की करत होता. हा सण त्या वेळी आला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

प्रश्न : मी मराठीची एम.ए.ची विद्यार्थिनी. महदाइसेचे धवळे अभ्यासाला आहेत. बायबलाच्या स्तोत्रांत लग्नगीत आहे असं वाचलं. ते खरं का? प्रार्थनेच्या पुस्तकात लग्नगीत कशाला? (अमरावती)

उत्तर : खरं आहे. ४५ वं स्तोत्र हे एका राजाच्या लग्नात गायलेलं गीत आहे. आणि हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातून यावा याचा मला फार आनंद झाला, कारण पवित्र लग्नगीत म्हणजे काय हे आपल्या मातीला जितकं ठाऊक आहे तितकं थोड्याच मुलखांना असेल. तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं तिला नेलं असं आपण परंपरेनं सांगतो. आणि रिद्धपूरला, महानुभाव ज्यांना अवतार मानतात त्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हा महदाइसेनं कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायले. मराठीतल्या या आद्य कवयित्रीचा शब्द देवाच्या लग्नात उमटला.

४५ व्या स्तोत्रातला कवी आधी वराकडे वळतो. त्याचं रूप, तलवार, बाण, सगळं आहे. पण तो स्वारीला निघतो ते सत्य, नम्रता आणि न्याय यांच्यासाठी, आणि त्याचा राजदंड सरळ आहे. मग कवी वधूकडे वळतो आणि तिला वडिलांचं घर विसरायला सांगतो. आपल्याकडे हे घडलं नाही. रुक्मिणीच्या माहेरची पालखी कौंडण्यपूरहून आजही पंढरपूरला जाते. मला हे वऱ्हाडाचं मोठेपण वाटतं.

प्रार्थनेच्या पुस्तकात ते कसं टिकलं? त्या गीतात राजाचं नाव नाही, हे माझ्या मते मोठं कारण आहे. अभ्यासकांनी शलमोनापासून अहाबापर्यंत तर्क केले, पण कवितेत नाव नाही ते नाहीच. यावरून तुम्हांला नरेंद्र कवी आठवायला हवा. त्याचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ ऐकून रामदेवराव यादव लुब्ध झाला आणि ओवीगणिक सोनं देऊन त्यावर आपलं नाव घालायला म्हणाला, आणि कवीनं आपल्या कविकुळाला बोल लागेल म्हणून नकार दिला, अशी आठवण महानुभाव परंपरेनं जपली आहे. राजाचं नाव कोरलं असतं तर ते काव्य त्या दरबाराबरोबर संपलं असतं. नाव नसल्यामुळे ४५ वं स्तोत्र पुढे येणाऱ्या राजासाठी मोकळं राहिलं. नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात ते ख्रिस्ताला लावलेलं आहे, आणि तेव्हापासून ख्रिस्ती वाचक त्यातली वधू म्हणजे विश्वासणाऱ्यांची मंडळी असं समजून वाचतात. महदाइसेच्या धवळ्यांतही लग्न एका अर्थी रिद्धपुरात चालू आहे आणि दुसऱ्या अर्थी द्वारकेत. दोन्हींपैकी एकही कानाआड न करता वाचा, मग ४५ वं स्तोत्र तुम्हांला परकं वाटणार नाही.

प्रश्न : आमच्या तरुण संघात ५८ वं स्तोत्र वाचलं, तर दुष्टांचे दात पाड अशी प्रार्थना निघाली. १०९ आणि १३७ तर त्याहून भयंकर. शत्रूवर प्रीती करा म्हणणाऱ्या प्रभूच्या लोकांनी हे म्हणावं का? (मूर्तिजापूर)

उत्तर : भाऊ, हा प्रश्न चर्चलाही पडलेला आहे. कॅथलिक धर्मगुरूंच्या नित्य प्रार्थनापुस्तकाची १९७० नंतर नवी मांडणी झाली, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं त्यातून पूर्ण वगळली गेली आणि इतर काहींमधल्या ओळी गाळल्या. त्यामागची काळजी मला समजते, निर्णय पटत नाही.

५८ वं स्तोत्र उघडून पहिल्या ओळींकडे पाहा. ते कुणाला उद्देशून आहे? न्यायासनावर बसून अन्याय तोलणाऱ्यांना. जिथे दाद मागायची तीच जागा विकली गेलेली आहे. आणि तो माणूस काय करतो, तर दात पाडायचं काम देवाकडे सोपवतो. स्वतः काठी उचलत नाही. १०९ व्या स्तोत्रातल्या शापांचं कारणही तिथेच सांगितलेलं आहे : त्या माणसानं दीनदुबळ्याला मरेपर्यंत पाठलाग करून छळलं. १३७ चा शेवट मात्र मला आजही वाचवत नाही. बाबेलच्या लेकरांबद्दलचं ते वाक्य म्हणजे ज्यांची स्वतःची लेकरं डोळ्यांदेखत मारली गेली त्यांच्या तोंडचं आहे, एवढं मी जाणतो. ते देवासमोर बोललं गेलं हेही जाणतो. त्याला आमेन म्हणणं मला जमत नाही.

जर्मनीत ११ जुलै १९३७ रोजी डीट्रिख बोनहोफर यांनी फिंकेनवाल्डच्या छोट्या धर्मविद्यालयात याच ५८ व्या स्तोत्रावर उपदेश केला. त्याच महिन्याच्या १ तारखेला पाळक मार्टिन नीमोलर यांना नाझींनी अटक केली होती. बोनहोफर म्हणाले की ही प्रार्थना आपल्या तोंडी शोभत नाही, कारण आपण स्वतः निर्दोष नाही. ती फक्त ख्रिस्त करू शकतो, आणि त्यानं तर देवाचा तो कोप स्वतःवर घेतला. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिली गेली. छळ काय असतो हे ठाऊक असलेल्या माणसाचा हा शब्द आहे, म्हणून मी त्याला मान देतो. पण त्यातून एक धोका निघतो. आपण निर्दोष नाही म्हणून गप्प बसा, असं गांजलेल्याला सांगायला तो शब्द सोपा पडतो. तसं बोनहोफर यांना म्हणायचं नव्हतं.

आपल्याकडच्या एका बाईंचा विचार करा. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गमावले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं रस्त्यावर आलेल्या मुली-विधवांना घेऊन आल्या. आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या वारल्या, ते बायबल १९२४ मध्ये निघालं, आणि त्याच्या छपाईचं काम त्यांच्या मुक्ती मिशनच्या बायकांनी केलं. इकडे अकोल्यात अलायन्स मिशनच्या जेनी फुलर काम करत होत्या. भारतीय स्त्रियांवरच्या अन्यायाबद्दलचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०० साली निघालं, त्याला प्रस्तावना रमाबाईंची आहे. त्या दुष्काळांत पोरकी झालेली वऱ्हाडातली लेकरं मिशनच्या अनाथालयांत वाढली, आणि आज आपल्या मंडळ्यांत बसणाऱ्या काही घराण्यांची मुळं तिथवर जातात. देव पोरक्यांचा बाप आहे असं ६८ वं स्तोत्र म्हणतं, आणि त्यांना गांजणाऱ्याचा हात मोडावा असं १० वं मागतं. ही दोन वाक्यं वेगळी काढता येत नाहीत. पोरक्याचा बाप असलेल्यानं त्याच्या छळणाऱ्याकडे काणाडोळा केला तर त्या बापपणाला काय अर्थ राहिला?

तेव्हा तरुण संघात ही स्तोत्रं पुन्हा घ्या, पण ५८ नं सुरुवात करू नका. आधी १० वाचा, मग ८२, मग ५८. वाचताना प्रत्येकानं मनात विचारावं की या स्तोत्रात मी कुठे उभा आहे : दाद मागणाऱ्यात, की ज्याच्याविरुद्ध दाद मागितली जातेय त्याच्यात? शेतमजुराची मजुरी थकवलेली असेल तर ती आधी देऊन यावं. आणि शेवटी लूकच्या २३ व्या अध्यायातली येशूची आपल्या मारेकऱ्यांसाठीची प्रार्थना वाचा. तिनं ५८ व्या स्तोत्रातली मागणी रद्द होते असं मला वाटत नाही. मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणारा आणि पृथ्वीचा न्याय करायला येणारा हा एकच आहे, त्यामुळे ती मागणी कोणाच्या हाती जाते एवढं तिनं कळतं.